नंबर बरोबर, तरी दुपारनंतर अक्षरं दोन दिसतात: दोष कुठे शोधायचा

सकाळी काहीच त्रास नसतो. दुपार टळली की डोळे जड होतात, भुवयांच्या वर ठणका लागतो, एकच ओळ दोनदा-तीनदा वाचली जाते आणि मग अक्षरांच्या कडा हलल्यासारख्या वाटतात. डोळे मिटून दोन मिनिटं बसलं की बरं वाटतं, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. डोळे तपासायला गेलं तर तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचता येते. नंबर बदललेला नसतो. 'डोळे छान आहेत, जरा स्क्रीन कमी करा' एवढं ऐकून माणूस परत येतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतो.

मी मुद्रितशोधन करते. दिवसाचे सात-आठ तास समोर कागद नाहीतर पडदा. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा लक्षात आलं ते कान्यामुळे. संध्याकाळी 'काम' मधला काना दुहेरी दिसायचा, शिरोरेषा मात्र एकच आणि स्वच्छ. मला वाटलं छपाईतच गडबड आहे. कारण नंतर समजलं. दोन डोळ्यांच्या प्रतिमा एकमेकींपासून आडव्या सरकल्या, तर आडवी रेघ स्वतःवरूनच सरकते, म्हणून ती होती तशीच दिसते. उभी रेघ मात्र फुटून दोन होते. त्यामुळे काना, पूर्णविरामाचा जुना दंड, 'ग' आणि 'श' यांची उभी दांडी आधी फुटतात. तुम्हालाही संध्याकाळी असं दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी एक डोळा झाका

अक्षरं दोन दिसत असतील त्याच क्षणी तळहाताने एक डोळा झाका, दाबू नका. मग दुसरा झाकून पाहा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुहेरीपणा जात असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जोडीत आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असेल किंवा अक्षरामागे सावली दिसत असेल, तर दोष त्या एका डोळ्यात आहे. कोरडेपणा, चष्म्यात न धरलेला सिलिंड्रिकल नंबर, मोतीबिंदूची सुरुवात अशी कारणं तिथे असतात आणि त्यांची तपासणी वेगळी.

दुहेरी दिसणं अचानक सुरू झालं असेल, लांबचंही दोन दिसत असेल, एक पापणी खाली आली असेल, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, जोडीला प्रचंड डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं किंवा हातापायांत अशक्तपणा असेल, तर हे पुढचं वाचत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा. तो वाचनाचा ताण नाही. प्रतिमा शेजारी-शेजारी न सरकता वर-खाली सरकत असतील, तर त्यासाठीही नेत्रतज्ज्ञच. खालचे उपाय त्याला लागू पडत नाहीत.

जवळ पाहताना डोळे काय करतात

साधारण ६ मीटरच्या पलीकडचं पाहताना निरोगी डोळ्यांना फारसं काही करावं लागत नाही. जवळचं पाहायचं तर तीन हालचाली एकदम होतात. बाहुली लहान होते. डोळ्याच्या आतला सिलियरी स्नायू आवळतो, त्यामुळे नेत्रभिंगाला ताणून धरणारे बारीक धागे सैल पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट होतं. आणि दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने आत वळतात, म्हणजे दोघांची नजर एकाच अक्षरावर पडते.

हे काम मोजता येतं. ४० सेंटिमीटरवर वाचताना भिंगाला २.५ डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात ते) भर घालावी लागते आणि दोन्ही डोळ्यांच्या नजरांमध्ये साधारण ९ अंशांचा कोन होतो. हेच पान २० सेंटिमीटरवर आणलं तर भर ५ डायॉप्टरची होते आणि कोन जवळजवळ १८ अंशांचा. अंतर निम्मं केलं की दोन्ही कामं दुप्पट होतात. झोपून छातीवर धरलेला मोबाईल आणि टेबलावरचं पुस्तक यांत डोळ्यांच्या दृष्टीने हा एवढा फरक आहे, आणि तो आपल्याला जाणवतही नाही, कारण अक्षर तर दोन्हीकडे स्पष्टच दिसत असतं.

आता खरी अडचण. फोकस आणि आत वळणं ही दोन कामं मेंदूने एकमेकांना बांधलेली आहेत. एक वाढलं की दुसरंही ओघाने थोडं वाढतं. ज्याचे डोळे आत वळायला कमी पडतात तो नकळत जास्त फोकस लावून त्यांना ओढून आणतो. मग अक्षर एक होतं पण पुसट होतं. फोकस सैल सोडला तर अक्षर स्पष्ट होतं पण दोन होतं. दिवसभर ही ओढाताण चालू राहते. संध्याकाळी कपाळात जे ठणकतं ते बऱ्याच वेळा हेच.

आणि म्हणूनच तक्ता हे पकडत नाही. तक्ता ६ मीटरवर असतो, म्हणजे जवळचं काम शून्य. वाचायला सांगतात तेही बहुतेक एकेक डोळा झाकून, म्हणजे जोडीचं कामही शून्य. वर तुम्ही ताजेतवाने असता आणि परीक्षा मिनिटभराची असते. ६/६, म्हणजे लांबची नजर चांगली, हा निकाल खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि तेवढ्या काळात मी स्वतःला आळशी समजत होते, ते मला आजही खुपतं.

कोण गुन्हेगार आहे ते त्रासाच्या वागण्यावरून कळतं

चुरचुर, वाळू गेल्यासारखं वाटणं, मध्येच पाणी येणं, डोळे मिचकावले की क्षणभर स्पष्ट आणि पुन्हा धूसर: हा कोरडेपणा. आपण एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून बसलं की हे प्रमाण पाच-सातवर येतं आणि त्यातल्याही बऱ्याच पापण्या अर्ध्याच मिटतात. अश्रूंचा पातळ थर मध्येच तुटतो. पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर असेल तर आणखी लवकर. इथे पापणी पूर्ण मिटायची सवय, झोत बाजूला वळवणं आणि डॉक्टरांना विचारून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं.

तासभर वाचून मान वर केली आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ काही सेकंद धूसर दिसलं, मग हळूहळू स्वच्छ झालं, तर फोकसचा स्नायू आवळलेला राहतोय. हे तरुणांतही होतं. कधीकधी तो इतका आवळून राहतो की तपासणीत खोटा उणे नंबर निघतो. म्हणून मुलांचा नंबर अचानक वाढला तर थेंब घालून, स्नायू सैल करून पुन्हा तपासतात. त्या थेंबांना कंटाळू नये.

अक्षरं शेजारी-शेजारी फुटणं, ओळ चुकणं, वाचताना नकळत एक डोळा मिटणं, वाचायला बसलं की झोप येणं पण इतर कामात न येणं: हे आत वळण्याच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. तपासणारे याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात. डोक्याला मार लागल्यानंतरही ही तक्रार सुरू होऊ शकते, तेव्हा तसं काही झालं असेल तर आवर्जून सांगा.

एक सूचना, कारण वरचं वर्णन सरसकट सगळ्यांना लावू नये. वागणूक उलटीही असते. काहींचे डोळे जवळ पाहताना जास्तच आत वळतात. त्यांनाही डोकं दुखतं, त्यांनाही दोन दिसतं, पण आत वळायचे व्यायाम केले तर त्यांचा त्रास वाढतो. म्हणून निदान आधी, व्यायाम नंतर.

पेन आणि पट्टी

घरच्या घरी एक मोजमाप करता येतं. निदान म्हणून त्याचा उपयोग नाही, पण तपासायला जाताना हातात काहीतरी असतं. नेहमीचा चष्मा घाला. पेनाचं टोक हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत, नाकासमोर धरा. टोकावरची नजर न हलवता पेन सावकाश जवळ आणा. टोक दोन झालं की थांबा आणि घरातल्या कुणाला तरी नाकाच्या वरच्या टोकापासून, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधून, पट्टीने अंतर मोजायला सांगा. मग मागे नेत नेत पुन्हा एक कुठे होतं तेही मोजा.

हे पाच वेळा करा. ही पायरी गाळू नका. दमलेल्या जोडीची खूण अशी की पहिल्या वेळी अंतर ठीक येतं आणि पाचव्या वेळी लांब सरकतं. पुष्कळांना टोक ५-६ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसतं. उपचारांच्या अभ्यासांमध्ये ६ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब दोन होणं ही एक खूण धरली होती. माझं सकाळचं अंतर ९ होतं आणि संध्याकाळचं १५. तो कागदाचा चिटोरा मी जपून ठेवला, कारण पहिल्यांदाच तक्रारीला आकडा मिळाला होता.

मोजणाऱ्याला आणखी एक काम सांगा: तुमच्या डोळ्यांकडे पाहायचं. एखादा डोळा बाहेर सरकला आणि तुम्ही तरीही 'एकच दिसतंय' म्हणत असाल, तर मेंदू त्या डोळ्याची प्रतिमा बाजूला टाकतोय. असं झालं तर तपासताना हे नक्की सांगा.

चष्मा स्वतःच कारण असू शकतो

नंबर बरोबर असूनही चष्मा चुकीचा असतो, हे माझ्याबाबतीत घडलं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

प्रत्येक काचेला एक केंद्र असतं. ते तुमच्या बाहुलीसमोर यायला हवं. दोन बाहुल्यांमधलं अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, मोठ्या माणसात बहुधा ६० ते ६५ मिलिमीटरच्या आसपास असतं. चष्मा चुकीच्या पीडीवर बनवला की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवते. किती, याचा हिशोब साधा आहे: केंद्र जितके सेंटिमीटर सरकलं त्याला काचेच्या नंबराने गुणायचं. माझा नंबर उणे ५. माझी पीडी ६३, आणि दुकानाने चष्मा ५७ वर बनवला होता. ०.६ सेंटिमीटर गुणिले ५, म्हणजे ३ प्रिझम डायॉप्टर (प्रकाश किती वळतो ते मोजायचं एकक). उणे नंबरात केंद्रं एकमेकांच्या जास्त जवळ आली की हा प्रिझम डोळ्यांना आणखी आत वळायला लावतो. ४० सेंटिमीटरवर मला मुळात १५-१६ प्रिझम डायॉप्टर एवढं आत वळायचं असतं, त्यावर हे तीन कायमचे, आणि तेही लांबचं पाहतानासुद्धा. आधीच कमी पडणाऱ्या डोळ्यांना ते पेलवेनात. चष्मा नवा करून आणल्यावर त्रास वाढला होता, पण सगळे सांगत होते की सवय होईल. दोन महिने मी सवयीची वाट पाहिली.

तुमच्याकडे जुना, सोयीचा वाटणारा चष्मा असेल तर तो आणि नवा दोन्ही घेऊन जा आणि लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर आणि केंद्र मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्हींची केंद्रं मोजून मागा. काही मिनिटांचं काम आहे. जास्त नंबर असलेल्यांनी तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये. लहान नंबरात, म्हणजे अर्धा-पाऊण असेल तर, दोन-चार मिलिमीटरने फारसं बिघडत नाही.

उणे नंबराच्या माणसांनी आणखी एक लक्षात घ्यावं. लांबच्या पीडीवर नीट बसवलेला चष्मा जवळचं पाहताना थोडा आधार देतो, कारण तेव्हा नजर काचेच्या आतल्या बाजूतून जाते आणि तो प्रिझम सोयीच्या दिशेचा असतो. चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स सुरू केल्या की हा आधार जातो आणि फोकसचं कामही थोडं वाढतं. लेन्स लावायला लागल्यापासून वाचन जड जातंय, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं नाही.

रोजच्या कामात काय बदलायचं

सगळ्यात मोठा फरक अंतराने पडतो. पडदा ५० ते ७० सेंटिमीटरवर, वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, म्हणजे नजर आपोआप थोडी खाली राहते. खाली पाहताना डोळ्यांना आत वळणं सोपं जातं आणि डोळ्याची उघडी फटही लहान होते, त्यामुळे कोरडेपणा कमी. पण पडदा मागे सरकवला आणि अक्षर तेवढंच बारीक ठेवलं तर माणूस पुन्हा पुढे झुकतो. अंतर वाढवायच्या आधी अक्षर मोठं करा.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहायचं, हा नियम तुम्ही ऐकला असेल. आकडे लक्षात राहायला सोयीचे आहेत आणि दिशा बरोबर आहे: २० फूट म्हणजे साधारण ६ मीटर, तिथे दोन्ही कामं सैल पडतात. पण विश्रांती म्हणून मोबाईल पाहिला तर ती विश्रांतीच नाही, उलट पडद्यापेक्षा जवळचं काम आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर २० सेकंद मला पुरत नाहीत. मी एक फर्मा, म्हणजे छपाईच्या पानांचा एक संच, झाला की उठून खिडकीशी जाते आणि समोरच्या झाडाच्या टोकावरची पानं वेगवेगळी दिसेपर्यंत पाहते. पानं स्वच्छ व्हायला लागणारा वेळ हेच माझं मोजमाप.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पैसे घालवण्याआधी थांबा. २०२३ मध्ये कॉक्रन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांवरचा ताण थोड्या काळात कमी होतो असं दिसलं नाही. आणि कारण पाहिलं तर ते पटतंही. आत वळण्याच्या कष्टाचा रंगाशी संबंध नाही.

व्यायाम: कोणता, आणि किती अपेक्षा ठेवायची

निदान झाल्यावर बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो पेन्सिल जवळ आणण्याचा. तो फुकट आहे, सोपा आहे, आणि एकटा पुरेसा पडेलच असं नाही. अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निकाल २००८ मध्ये आले. दवाखान्यात थेरपिस्टसमोर केलेले व्यायाम आणि जोडीला घरचा सराव या गटात ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांत ४३ टक्के, आणि खोट्या उपचाराच्या गटात ३५ टक्के. म्हणजे पेन्सिल आणि खोटा उपचार यांत फरक थोडाच, देखरेखीखालच्या व्यायामाने मात्र ठळक. हे मुलांचे आकडे आहेत, मोठ्यांना तसेच लावू नयेत. आणि पालकांसाठी: याच धर्तीवरच्या २०१९ च्या चाचणीत वाचलेलं समजण्याचे गुण खोट्या उपचारापेक्षा जास्त वाढले नाहीत. व्यायाम डोळ्यांच्या आरामासाठी करायचा, परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हे.

मला ज्याचा उपयोग झाला ती ब्रॉक स्ट्रिंग. एक लांब दोरी, तिच्यात तीन रंगीत मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाशी धरायचं. मधल्या मण्याकडे पाहिलं की दोरी एक न दिसता दोन दिसतात आणि त्या मण्यावर एकमेकींना छेदतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दचकलेच. ही फुली नेमकी मण्यावर पडली तर दोन्ही डोळे तिथेच रोखलेले आहेत. मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे कमी वळलेत, अलीकडे पडली तर जास्त. एक दोरी मधूनच गायब झाली तर एका डोळ्याची प्रतिमा मेंदू टाकून देतोय. मग लांबचा मणी, मधला, जवळचा, पुन्हा लांबचा, प्रत्येकावर फुली बसेपर्यंत थांबायचं. चूक तत्क्षणी दिसते, पेन्सिलमध्ये ती कळत नाही.

चाळिशीच्या आसपास असाल तर

आधी फोकसचा हिशोब पाहा. या वयात भिंग फुगण्याची ताकद कमी होत जाते. तपासणारे किमान ताकद काढायला एक ठोकताळा वापरतात: १५ मधून वयाचा चौथा भाग वजा करायचा. ४५ व्या वर्षी ३.७५ डायॉप्टर उरतात. त्यातले निम्मेच सतत, आरामात वापरता येतात असं धरलं तर सोयीचं अंतर ५० सेंटिमीटरच्या पुढे गेलं, आणि मोबाईल आपण ३० वर धरतो. इथे व्यायामाने काही होत नाही, जवळचा नंबर लागतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेला) असेल आणि पडद्यापुढे हनुवटी वर करून बसत असाल, तर मानही दुखणार. पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा मागा.

तपासायला जाताना

शक्य असेल तर काम संपल्यावरची वेळ घ्या, सकाळची नको. 'डोळे दुखतात' एवढ्यावर थांबू नका. किती वेळाने दुखतात, एक डोळा मिटल्यावर फरक पडतो का, अक्षर पुसट होतं की दोन होतं, हे सांगा. जवळच्या अंतरावरची कव्हर टेस्ट (एकेक डोळा झाकून दुसरा सरकतो का ते पाहणं), आत वळण्याचं सगळ्यात जवळचं अंतर, प्रिझमने मोजलेली आत वळण्याची राखीव ताकद आणि फ्लिपरने, म्हणजे अधिक-उणे काचा उलटसुलट धरून, फोकस बदलण्याचा वेग, या चार गोष्टी तपासल्या का ते विचारा. चालू असलेल्या औषधांची यादी द्या. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात आणि फोकसही मंदावू शकतो.

मुलाला नेत असाल तर प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतील. ज्याला पहिलीपासून अक्षरं हलताना दिसली, त्याला सगळ्यांना तशीच दिसतात असं वाटत असतं. तो तक्रार करणार नाही.

आणि जाण्याआधी कुणाला तरी तुम्ही कामात गढलेले असताना, न सांगता, डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा. मी प्रत्येक तपासणीत ४५ सेंटिमीटर सांगत आले होते. बहिणीने मागून येऊन मोजलं, ते २८ निघालं.